फर्राटाची तहहयात ग्यारंटी

“घेऊन जा! सगळं घेऊन जा! एक डबा मागं राहिला, तर तुह्या गाडीवर मले बी बसवून ने!”

शकुंतला वहिनी अंगणात उभ्या राहून भंगारवाल्यावर ओरडत होत्या. आतल्या खोलीत उशांना टेकून बसलेला मधुभाऊ त्यांच्याहून वरच्या पट्टीत ओरडत होता, “हात लावून पाहा बे! मनगटापासून तोडतो! शकुंतला, सांग त्याले, हे भंगार नोहे!” मधल्या दारात तो बिचारा भंगारवाला तराजू खांद्यावर टाकून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होता. माझ्याकडेही त्यानं आशेनं पाहिलं, पण नवरा-बायकोच्या भांडणात मी फक्त चहा पितो. शेवटी तो म्हणाला, “अम्मा, पहले घर में तय कर लो, फिर बुला लेना,” आणि रद्दीचा एक गठ्ठा नि फुटकी बादली घेऊन निघून गेला. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे मधुभाऊचं त्या वेळी जेमतेम अर्धं फुप्फुस काम करत होतं. अर्ध्या फुप्फुसावर हा आवाज! दोन्ही शाबूत असती, तर आमच्या जबलपूरच्या गोहलपुरातली कौलं उडून नर्मदेत पडली असती.

भांडण होतं खोलीभर रचलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यांवरून. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पेशंटच्या खोलीत धूळ नको, हवा खेळती पाहिजे. आणि त्या खोलीत हवेनं खेळायचं ठरवलं असतं, तरी तिला उभं राहायला जागा नव्हती. भिंतीला लागून छतापर्यंत डबे, खाटेखाली डबे, खिडकीच्या अर्ध्या झडपेला टेकून डबे. प्रत्येकावर लाल अक्षरात एकच नाव… फर्राटा. वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हीच सांगा यायले. मले हा माणूस पाहिजे, डबे नाही पाहिजे.” मधुभाऊनं आधी दम खाल्ला. मग हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या दोनच घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “वकील, डबे गेले तर माझा शब्द गेला. मग मी राहून काय करू?”

मी वकील नाही. आयुष्यभर सरकारी खात्यात कारकुनी केली. पण शाळेपासून बोलण्यात मी कुणाला हार गेलो नाही, म्हणून मधुभाऊनं मला ही पदवी परस्पर बहाल केली होती. त्या दिवशी मात्र वकिलानं नुसता चहा संपवला. वहिनींनीच तोडगा काढला. डबे राहिले आणि खाट बाहेरच्या खोलीत आली. ती आमची शेवटची भेट. पुढच्या आठवड्यात सकाळी सुजाताचा, त्यांच्या मुलीचा, नागपूरहून फोन आला. “काका, बाबा गेले,” इतकंच ती म्हणाली. मी चष्मा शोधायला लागलो. फोनवर बोलायला चष्मा कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

तर हा फर्राटा. ज्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असलेले लोक एका टेम्पोत मावतील, त्यांच्यासाठी सांगतो. छत्तीसगड वेगळं झालं त्याच वर्षी दिल्लीकडच्या एका कंपनीनं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम काढला होता. अस्सल देशी. दिसायला इस्त्रीच्या डब्यासारखा, वजनाला जात्यासारखा. आमच्या गल्लीत एकाच्या गच्चीवरून तो खाली पडला तेव्हा रस्त्याला खड्डा पडला, फर्राटाचा टवका उडाला नाही. महापालिकेनं तो खड्डा अजून बुजवलेला नाही, कुणालाही दाखवायला तयार आहे. सोबत खेळायला दोन हँडल, ज्यांना आमच्याकडे सगळे रिमोटच म्हणत, आणि जीपच्या शर्यतीची एक कॅसेट. आणखी दोन कॅसेटी येणार, पुढे शंभर येणार, असं कंपनी म्हणत होती. मधुभाऊचं ओमतीला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं हे यंत्र पाहिलं, हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि प्रेमात पडला. शकुंतला वहिनींना पाहायला गेला होता तेव्हासुद्धा त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता. हे मी नाही, वहिनी सांगतात.

बुद्धपौर्णिमेला दुकानासमोर मांडव टाकून त्यानं फर्राटाचं उद्घाटन केलं. आधी मेणबत्ती-अगरबत्ती, पंचशील, सगळ्यांना खीर. मग भलामोठा टीव्ही टेबलावर चढवला आणि भोंगा लावला. त्या भोंग्याचा आवाज भेडाघाटला पोचला आणि तिथले नावाडी वल्ही सोडून इकडे तोंड करून बसले, असं मी आजवर सांगत आलो आहे, आणि कुणी अजून खोटं पाडलेलं नाही. रस्ता तुंबला. गर्दी हटवायला आलेला एक हवालदार टीव्हीपुढे थांबला, म्हणाला, “जरा दिखाना भैया,” आणि नंतर तो शर्यतीत इतका रंगला, की त्याच्याभोवतीची गर्दी हटवायला दुसरा हवालदार आला. तोही बसला.

त्या गर्दीतून कुणीतरी ओरडून विचारलं, “कंपनी भाग गई तो?” प्रश्न रास्त होता. आमच्या गावानं अशा पळणाऱ्या कंपन्या बऱ्याच पाहिल्या होत्या. दुसरा कुणी दुकानदार असता तर हसून टाळला असता. पण मधुभाऊच्या हातात भोंगा होता, आणि हातात भोंगा असलेल्या माणसाला टाळता येत नाही. तो गरजला, “कंपनी भागे तो भागे! मैं कहाँ भागूँगा? मेरा घर गोहलपुर में है! जब तक मैं हूँ, तब तक फर्राटा चलेगा!” टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी फर्राटा असा खपला, जसे थंडीत आमच्याकडे मटार खपतात. मी मात्र मागं उभा राहून त्याला म्हणालो, “मधुभाऊ, तहहयात ग्यारंटी तर कंपनी पण नाही देत बे.” तो घाम पुसत म्हणाला, “म्हणून तर मी देऊन राहिलो न.”

कंपनी पळाली. तीही वर्षाच्या आत. बाजारात स्वस्तातली परदेशी यंत्रं आली, ज्यांच्या एकाच कॅसेटमध्ये लाखो खेळ असल्याचं वर छापलेलं असे. आत तेच ते चार-पाच खेळ नाव बदलून फिरत, पण लाख या आकड्यापुढे जीपची एक शर्यत काय टिकणार? शिवाय फर्राटाची खाच अशी अजब, की दुसरी कुठलीच कॅसेट त्यात जाईना. एका पठ्ठ्यानं परदेशी कॅसेट कानशीनं घासून घासून बसवली. ती बसली. मग ती निघेना, आणि चालेचना. पुढच्या दोन कॅसेटींपैकी एक आली, केळी गोळा करत नदी ओलांडणाऱ्या हत्तीची. दुसरी अजून वाटेत असेल.

आणि यातच राज्याची वाटणी झाली. मधुभाऊला एजन्सी मिळाली होती तेव्हा कंपनीच्या नकाशात रायपूर, बिलासपूर त्याच्याच पदरात होतं. नवं राज्य झालं, तिकडे नवा एजंट नेमला, त्यानं फर्राटाकडे एक नजर टाकली आणि माल उतरवून घ्यायलाच नकार दिला. दिल्लीत कंपनी दिवाळं काढायच्या घाईत. ट्रान्सपोर्टवाल्याकडे पत्ता जुनाच, त्याच्या लेखी रायपूर अजून जबलपूरच्याच खिशात होतं. एका सकाळी मधुभाऊच्या दारात ट्रक येऊन उभा राहिला आणि छत्तीसगडच्या वाट्याचे सगळे डबे गोहलपुरात उतरले. दोन मुख्यमंत्री, दोन राजधान्या, पण फर्राटाच्या बाबतीत दोन्ही राज्यं शकुंतला वहिनींच्या मागच्या खोलीत एकत्र राहिली. वहिनी दारातच मटकन बसल्या. “काहून उतरवून घेतलं तुम्ही?” त्यांनी विचारलं. मधुभाऊ म्हणाला, “ड्रायव्हर भूक लागली म्हणत होता. म्हटलं, आधी रिकामा होऊ दे त्याले.”

मग तो कंपनीचा शोध घ्यायला दिल्लीकडे गेला. ही गोष्ट त्यानं मला सांगितली तेव्हा तिच्यात एक घोडा होता. मी सांगतो तेव्हा हत्ती असतो. मूळ बहुधा कुत्राच असावा. पण एवढं खरं की कंपनीच्या पत्त्यावर मंगल कार्यालय निघालं. आत लग्न चाललं होतं. त्याला वाटलं कंपनीचाच काही समारंभ आहे, त्यांना वाटलं मुलीकडचे पाहुणे आहेत. जेवण झाल्यावर त्यानं मालकाबद्दल चौकशी केली, तर लोकांनी त्याला नवरदेवापुढे नेऊन उभं केलं. मधुभाऊनं त्याला फर्राटाबद्दल विचारलं. नवरदेव घाबरला, त्याला वाटलं हा हुंड्यातलं काहीतरी परत मागायला आला. आमचा गडी लाडवाचा पुडा घेऊन परत आला. स्टेशनवर मी घ्यायला गेलो होतो. म्हटलं हा आता खचला असेल, काही धीराचं बोलावं. त्यानं पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “वकील, कंपनी तर गेली. आता आपणच कंपनी.”

लोकांना वाटलं, बोलतोय झालं. पण पुढची वीसेक वर्षं त्या माणसानं ते करून दाखवलं. फर्राटा बिघडला की लोक येत. कटनीहून येत, मंडल्याहून येत, मझौलीचा एक जण तर घागर आणावी तसा डोक्यावर घेऊन आला होता. न विकलेल्या डब्यांमधून मधुभाऊ एकेक भाग काढी आणि आजारी यंत्रात घाली. त्याच्या कामाची रीत ठरलेली. कॅसेट चालेना की सारी दुनिया तिच्यात फुंकर मारते. मधुभाऊच्या दुकानात फुंकर मारणं म्हणजे विहारात चपला घालून शिरण्यासारखं. “तोंडाची वाफ जाते न त्याच्यात! गंज चढते!” तो शाळेतल्या पोराच्या कंपासमधला खोडरबर घेऊन कॅसेटच्या पट्ट्या अशा मायेनं घाशी, जशी आई न्हाऊ घालताना कानामागं घासते. पुढे दुकान सुटलं, डोळे गेले म्हणून नाही तर ते सगळे जुने टीव्हीच गेले म्हणून. मग हा सगळा पसारा घरच्या टेबलावर आला.

आणि दुरुस्तीनंतर तपासणी. नुसतं यंत्र सुरू झालं म्हणजे झालं, हे त्याला मान्य नव्हतं. मालकानं बसून एक पूर्ण शर्यत खेळायची, आणि समोरच्या रिमोटवर शकुंतला वहिनी. का तर मधुभाऊला जीप रस्त्यावर ठेवता येत नसे. तो पहिल्याच वळणावर झाडात. वहिनी कणीक मळता मळता हात पुसून येत, डब्यांना शिव्या घालत बसत, आणि समोरच्याला धूळ चारून उठत. माझ्या माहितीत त्यांना कुणी हरवलं नाही. एकदा मंडल्याचे एक मास्तर ईर्षेला पेटले, म्हणाले, “दीदी, एक बार और.” दुपारची संध्याकाळ झाली, मास्तरांची शेवटची बस गेली, मुक्कामाला राहिले, सकाळी पुन्हा हरून मग गेले. “झालं का समाधान? घ्या तुमचा डबा,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात फर्राटाचं नाव कधी आलं नाही. तो कायम डबाच.

आमच्यासारखे मित्र हसायचे. मीही हसलो, भरपूर हसलो, चहा पीत पीत हसलो. लग्नामुंजीत मधुभाऊ आला की लोक म्हणायचे, “आली कंपनी.” तो रागावत नसे. एकदाच, ग्वारीघाटावर आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो होतो, तेव्हा आपण होऊन म्हणाला, “आमच्या बाबांनी वर्ध्याकडून इकडे आल्यावर एक उधारी नाही ठेवली, एक शब्द नाही मोडला. लोक म्हणत, नवीन वस्तीतला माणूस हाय, याचा काय भरवसा. त्यायनं भरवसा कमावला. मी तो एका भोंग्यात फुंकून टाकू का?” मग खिशातून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “खा. तू बोलत नसला की मले भीती वाटते.”

शेवटच्या वर्षांत त्याचे हात थरथरायला लागले. मला वाटलं, संपलं आता. थरथरत्या हातानं तिथं काम होत नाही. तांदळाएवढ्या जागेवर कथलाचा डाग द्यायचा असतो. एक दिवस गेलो तर दारातूनच त्याची आरडाओरड ऐकू आली, “फुंकू नको! फुंकू नको म्हणून राहिलो न! डावीकडे… अगं डावीकडे, तुहं डावीकडे नाही, माझं डावीकडे!” म्हटलं आज घटस्फोट. आत जाऊन पाहतो तर टेबलाशी वहिनी बसलेल्या, डोळ्यांवर त्याचा भिंगाचा चष्मा, हातात तापलेली सोल्डरिंगची सळई, समोर उघडा फर्राटा. मधुभाऊ टेबलापलीकडे उभा राहून हात मागं बांधून ओरडतोय. वहिनी मान वर न करता म्हणाल्या, “भाऊजी, यायले बाहेर घेऊन जा. मले काम करू द्या.” मी त्याला बाहेर नेलं. अंगणात तो माझ्या कानाशी आला आणि, जन्मात पहिल्यांदाच असेल, खरोखर कुजबुजला, “माझ्यापेक्षा साफ करते बे ती. सांगू नको तिले.” मी त्याच संध्याकाळी सांगितलं. मित्र असतात कशाला?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या गर्दीत अर्धे चेहरे मला अनोळखी होते. नंतर कळलं, ते फर्राटावाले. एक जण बालाघाटहून आला होता, दुसरा म्हणे भोपाळहून. कार्यक्रम संपल्यावर सगळे घरी आले, आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, जो अखेर सुजातानं विचारला. ती मराठी बोलते ती अर्धी हिंदीच्या आधारानं. “आई, ये सब डिब्बे… आता तरी काढू या न? तू चल माझ्याकडे नागपूरला.” वहिनी कप विसळत होत्या. “पाहू,” म्हणाल्या. त्या ‘पाहू’चा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीनं लावला. मीही लावला. भंगारवाल्याला पुन्हा बोलवावं लागणार, हे मी मनात धरूनच टाकलं. खरं सांगायचं तर मला त्या डब्यांची काळजी नव्हती. मधुभाऊनं भोंग्यावर ‘जब तक मैं हूँ’ एवढंच म्हटलं होतं. शब्द त्याचा होता, तो गेला, शब्दही गेला. आता कुणी त्याला ‘कंपनी’ म्हणून हसणारही नाही… आणि ते मला सहन होत नव्हतं.

मागच्या आठवड्यात सहज म्हणून गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, मी बाहेरच्या खोलीत चहा घेऊन बसलो होतो. दारात मोटरसायकल थांबली. तिशीतला एक जण उतरला, मागे दोरीनं बांधलेलं टॉवेलचं गाठोडं सोडलं आणि छातीशी धरून आत आला. घरी मराठी बोलणाऱ्यातला होता, मझौलीला शेती. “मधुकाका आहेत का? लहानपणी वडिलांनी घेतला होता हा. माझी पोरगी मोबाइल हातात असला की जेवत पण नाही, म्हणून माळ्यावरून काढला. चालू केला तर दोन दिवस काय मस्त चालला! आम्ही दोघं मिळून खेळलो. मग बंद पडला. ती रडून राहिली.” एवढं बोलून झाल्यावर त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेलं. मधुभाऊचा फोटो, मेणबत्ती, पांढरी फुलं.

 गाठोडं खाली ठेवावं की धरून ठेवावं, त्याला कळेना. “मला माहीत नव्हतं,” म्हणाला. “वडील नेहमी सांगायचे, काका म्हणाले होते, जोपर्यंत मी आहे तोपर्यंत…”  त्यानं टॉवेलची गाठ पुन्हा आवळली आणि दाराकडे वळला. मी घसा खाकरला. अशा वेळी चार शब्द बोलावेत, माणूस गेला की त्याचे शब्दही जातात, आपण हे स्वीकारलं पाहिजे, वगैरे… माझ्याकडे एक छान भाषण तयार होतं, नर्मदेचा ओघ वगैरे त्यात होतं.

तेवढ्यात आतून वहिनी आल्या. पिठाचे हात पदराला पुसत त्यांनी त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं, कानाशी नेऊन एकदा हलवलं. आत काहीतरी सुटून खडखडलं. त्यांनी त्या पोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

“राहू द्या इथं,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी या. पोरीले घेऊन या, तपासणीले लागते.”